पाण्यात उतरलेली मूठ

इंग्लंडमधल्या शेफिल्ड या पोलादाच्या शहरात ऑगस्ट 1913 मध्ये हॅरी ब्रिअर्लीने सुमारे 12.8 टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले. तो शोधत होता बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबवण्याचा उपाय. हाती लागले न गंजणारे पोलाद, आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात त्याच्या सुऱ्या होऊ लागल्या. पाते पाण्याला भ्यायचे थांबले. या शोधाचे कौतुक नेहमी पात्याच्या बाजूने होते. मला त्यानंतर मुठीचे काय झाले ते अधिक महत्त्वाचे वाटते.

त्याआधी मूठ पाण्यापासून जपणे ही घरोघरची रीत होती. हस्तिदंती मुठीच्या जेवणाच्या सुऱ्या धुताना फक्त पाती गरम पाण्यात बुडवत. पात्याचा मुठीत जाणारा शेपटा राळ आणि विटेची भुकटी यांच्या लुकणाने बसवलेला असे. गरम पाणी लागले की राळ मऊ पडे आणि मूठ डुलू लागे. शिवाय हस्तिदंत ओले-कोरडे सोसत नाही, उभे तडकते. तरीही प्रतिष्ठा त्यालाच होती. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या शेफिल्डच्या पेढीचा हस्तिदंताचा साठा प्रसिद्ध होता.

खिशातल्या आणि शिकारीच्या चाकूंसाठी हातातून न निसटणारी, खडबडीत मूठ हवी असे. तिथे मान भारतातल्या सांबरशिंगाला. सांबर आपली शिंगे ठरावीक काळाने टाकते. ती रानातून वेचली जात. हे शिंग म्हणजे हाडच: आत भुसभुशीत गर, बाहेर टणक कवच. सांबराचे कवच जाड असल्याने उभ्या फाकी केल्या तरी त्या भक्कम राहतात. म्हशीच्या शिंगाची जातच वेगळी. ते नखासारख्या द्रव्याचे असते. तापवले की मऊ होते, साच्यात दाबता येते, पण वाळल्यावर आक्रसते आणि त्याचे पदर सुटतात.

हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय 1989 मध्ये झाला, आणि सांबरशिंगाची निर्यात भारताने 1990 च्या दशकाच्या अखेरीस बंद केली. योग्यच केले. शिंग गळून पडलेले की जनावर मारून काढलेले, हे मूठ घडवून झाल्यावर ओळखता येत नाही.

नकली हस्तिदंत मात्र फार आधी आले होते. 1877 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश झायलोनाइट कंपनीचा मालही सेल्युलॉइडच्या जातीचा. दिसायला देखणा, पण ज्वलनशील. जुना झाला की त्यातून आम्लाच्या वाफा सुटतात आणि मिटून ठेवलेल्या चाकूचे पाते आपल्याच मुठीपायी गंजते. पाण्याचा प्रश्न सोडवला तो लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये तयार केलेल्या कृत्रिम राळेच्या घराण्याने. कापडाचे किंवा कागदाचे थर अशा राळेत भिजवून दाबले की मिकार्टा होते. काचतंतू आणि इपॉक्सी घेतले की जी-10. दोन्ही ओल जवळजवळ शोषत नाहीत. त्यातही कापडी मिकार्टाची ओल्या हातातली पकड मला सर्वांत भरवशाची वाटते.

लाकडावर मात्र अन्याय झाला आहे. ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, पोलाद तसे करत नाही. म्हणून दोन फळ्या रिव्हेटने जोडलेल्या मुठीत फट पडते आणि तिथे अन्न कुजते. पण हा दोष त्या बांधणीचा आहे. पारंपरिक जपानी सुरीची मूठ हलक्या होनोकी लाकडाची, तोंडाशी म्हशीच्या शिंगाचे कडे. शेपटा तापवून तिच्यात ठोकतात. खराब झाली की ती काढून नवी बसवतात. आपल्याकडच्या कोयत्या-खुरप्यांचीही हीच रीत: लाकडी मूठ आणि तिच्या तोंडाशी लोखंडी शेंबी. स्वयंपाकघरात तर आपले पिढ्यान्‌पिढ्या विळीवर भागले. कोकणातली मोरळी असो की गोव्यातली आदोळी, पाटावर दाबून धरलेला पाय हीच तिची पकड, मूठ नाहीच.

मासळी-मटणाच्या कामाला पात्यावरच ओतलेली, बिनसांध्याची पॉलिप्रॉपिलीनची मूठ उत्तम, यात शंका नाही. साध्या पोलादाचे पाते वापरणाऱ्याने लाकूडच घ्यावे; पाते पुसावे लागतेच, त्याच फडक्याने मूठही पुसून होते. ओतीव मुठीबद्दल माझी तक्रार एकच. धारवाला पात्याला पुन्हा धार लावून देतो, पण अशी मूठ चिरली तर त्याच्याकडेही इलाज नसतो, आणि धडधाकट पाते तिच्याबरोबर भंगारात जाते.