लैंगिक छळ, सैन्यदलांतील : तक्रारीतील अडसर

सैन्यदलांत सेवेत असलेल्या स्त्रीपुरुषांचा सहकाऱ्यांकडून अथवा वरिष्ठांकडून होणारा लैंगिक छळ व त्याविषयी तक्रार नोंदविण्यात येणाऱ्या अडचणी, हा आधुनिक सैनिकी प्रशासनातील व लष्करी विधीतील एक महत्त्वाचा प्रश्न होय. लैंगिक छळ या संज्ञेत अश्लील शेरेबाजी, नकोशी लगट, लाभ वा धाक दाखवून केलेली शरीरसंबंधाची मागणी इत्यादींचा समावेश होतो. संमतीवाचून केलेला लैंगिक स्पर्श, बलात्कार वगैरे कृत्यांस लैंगिक अत्याचार म्हणतात व त्यांची गणना गंभीर गुन्ह्यांत होते. या विषयावरील विस्तृत माहिती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सैन्यदलांसंबंधी उपलब्ध आहे. तेथील संरक्षण खाते गोपनीय सर्वेक्षणांवरून घटनांचा अंदाज बांधते व नोंदलेल्या तक्रारींशी त्याची तुलना करते.

या अंदाजांनुसार २०१८ साली सु. २०,५००, २०२१ साली सु. ३५,९०० व २०२३ साली सु. २९,००० सैनिकांवर लैंगिक अत्याचार झाले. त्यांपैकी तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण २०२१ मध्ये सु. २० टक्के व २०२३ मध्ये सु. २५ टक्के होते. म्हणजे चारांपैकी तिघांनी मौन पाळले. त्यामुळे तक्रारींच्या संख्येवरून घटनांची संख्या ठरविता येत नाही. तक्रारी वाढल्या, तर गुन्हे वाढले असावेत किंवा यंत्रणेवरील विश्वास वाढला असावा. कोणता निष्कर्ष खरा, हे स्वतंत्र सर्वेक्षणाशिवाय कळत नाही.

अडसरांची कारणे : सैन्याची रचना अधिकारश्रेणीवर व आज्ञापालनावर आधारलेली असते. तुकडीचा प्रमुख हाच कामाचे वाटप, रजा, बढतीची शिफारस व शिस्तभंगाची कारवाई यांबाबत अधिकारी असतो. आरोपी स्वतः वरिष्ठ असला वा प्रमुखाच्या मर्जीतला असला, तर पीडित व्यक्तीस ज्याच्याकडे दाद मागावयाची, त्याच्याच निःपक्षपातीपणाची खात्री वाटत नाही. नागरी नोकरीप्रमाणे राजीनामा देऊन निघून जाण्याची मुभा सैनिकास नसते. बराकीत, जहाजावर किंवा सीमेवरील तळावर तक्रारदार व आरोपी यांना एकत्रच राहावे लागते. एकजूट हा सैन्याचा गुण मानला जातो. परंतु सहकाऱ्याविरुद्ध बोलणे म्हणजे तुकडीशी द्रोह, असा त्याचा अर्थ लावला गेला, म्हणजे तोच गुण गुन्ह्यावर पांघरूण घालतो.

सूडाचे भय हे दुसरे कारण होय. २०१४ च्या व्यापक सर्वेक्षणात तक्रार केलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आपणांस सामाजिक वा सेवाविषयक सूडास तोंड द्यावे लागल्याचे सांगितले. बहिष्कार, प्रतिकूल शेरे, बदली इत्यादींच्या रूपाने हा सूड प्रकट होतो. काही तक्रारदारांना व्यक्तिमत्त्वविकृतीचे निदान लावून सेवेतून मुक्त केल्याचीही उदाहरणे आहेत. शिवाय घटनेच्या वेळी पीडित व्यक्तीने मद्यपानासारखा किरकोळ नियमभंग केलेला असल्यास, तक्रारीमुळे प्रथम तिच्यावरच कारवाई होण्याची धास्ती असते.

पुरुष पीडितांची स्थिती अधिक बिकट असते. सैन्यात पुरुषांची संख्या मोठी असल्याने प्रमाण कमी असूनही पीडित पुरुषांची संख्या स्त्रियांच्या बरोबरीची भरते. तथापि पौरुषाविषयीच्या रूढ कल्पनांमुळे ते क्वचितच पुढे येतात. २०११ पर्यंत अमेरिकी सैन्यात उघड समलिंगी व्यक्तींना सेवेतून काढले जाई. त्यामुळे अत्याचाराची वाच्यता केल्यास आपल्याच लैंगिकतेविषयी संशय घेतला जाईल, ही भीती निराधार नव्हती.

प्रमुख प्रकरणे : सप्टेंबर १९९१ मध्ये लास व्हेगास येथे नौदल वैमानिकांच्या ‘टेलहुक’ संमेलनात ८३ स्त्रिया व ७ पुरुष यांच्यावर अतिप्रसंग झाल्याचे संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत निष्पन्न झाले. लेफ्टनंट पॉला कॉगलिन यांनी प्रथम आपल्या वरिष्ठांकडे तक्रार केली; दखल घेतली न गेल्याने १९९२ मध्ये त्यांनी ती जाहीरपणे मांडली. नौदलमंत्री लॉरेन्स गॅरेट यांना पद सोडावे लागले, पण लष्करी न्यायालयात एकही आरोपी दोषी ठरला नाही. कॉगलिन यांनी १९९४ मध्ये नौदल सोडले. २०२० मध्ये टेक्सस राज्यातील फोर्ट हूड येथे व्हनेसा गिलेन या तरुण महिला सैनिकाची एका सहकारी सैनिकाने हत्या केली. एका वरिष्ठाने तिचा लैंगिक छळ केला होता व ती बाब कळूनही अधिकाऱ्यांनी कारवाई केली नव्हती, असे भूसेनेच्या २०२१ मधील चौकशीत आढळले.

सुधारणा : २००५ मध्ये तक्रारीचे दोन प्रकार करण्यात आले. ‘मर्यादित’ तक्रारीत चौकशी न होता व पीडिताचे नाव तुकडीप्रमुखास न कळता वैद्यकीय उपचार व समुपदेशन मिळते; ‘अमर्यादित’ तक्रारीत रीतसर तपास होतो. पहिल्या प्रकाराने उपचाराची वाट मोकळी केली, परंतु आरोपी मोकळाच राहतो, ही त्याची मर्यादा होय. डिसेंबर २०२१ च्या कायद्याने बलात्कारादी गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय तुकडीप्रमुखांकडून काढून स्वतंत्र विशेष अभियोक्त्यांकडे सोपविला. ही व्यवस्था डिसेंबर २०२३ मध्ये अंमलात आली. जानेवारी २०२२ मध्ये लैंगिक छळ हा लष्करी संहितेखाली स्वतंत्र गुन्हा ठरला.

कॅनडात निवृत्त न्यायमूर्ती मारी देशां यांनी २०१५ मध्ये तक्रारी स्वीकारण्यासाठी सैन्याबाहेरील स्वतंत्र केंद्र स्थापण्याची शिफारस केली. माजी न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांनी २०२२ मध्ये लैंगिक गुन्ह्यांचे खटले नागरी न्यायालयांतच चालवावेत, असे सुचविले. स्वतंत्र यंत्रणेमुळे शिस्त ढिली होईल, असा आक्षेप काही सेनाधिकाऱ्यांनी घेतला आहे. याउलट, ज्या शिस्तीत कनिष्ठास न्यायाची शाश्वती नाही, ती धाकावरच टिकते, असे सुधारणावाद्यांचे प्रतिपादन आहे. कायद्यातील बदलाने खटल्याचा मार्ग बदलतो. मात्र तक्रारीनंतर तुकडीतील दैनंदिन वर्तन कसे राहते, यावरच पुढील पीडित व्यक्ती बोलेल की गप्प राहील, हे बव्हंशी अवलंबून असते.