सोय घ्या, पण किल्ली आपल्याच हाती ठेवा

गोलबाजारातल्या मसाल्याच्या दुकानापासून कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या भाजीच्या ठेल्यापर्यंत रायपुरात आता सगळीकडे क्यूआर कोड दिसतात. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि पैसे देणे-घेणे सोपे झाले. त्याबरोबर आपले नाव, मोबाइल नंबर, आधार क्रमांक अशी माहितीही अनेकांच्या हाती जाऊ लागली.

बँकेत यामुळे दोन प्रकारचे खातेदार भेटतात. काही जण भीतीपोटी मोबाइल बँकिंगला हातच लावत नाहीत आणि किरकोळ कामासाठीही रांगेत उभे राहतात. काही जण कोणी मागितले की पिन, ओटीपी सांगून मोकळे होतात. या दोन टोकांमधला रस्ता सापडण्यासाठी एक साधा फरक लक्षात ठेवावा लागतो.

ओळख वेगळी, किल्ली वेगळी

नाव, खाते क्रमांक, मोबाइल नंबर, आधार क्रमांक ही आपली ओळख. पिन, ओटीपी, पासवर्ड आणि बोटाचा ठसा ही तिजोरीची किल्ली. ओळख काही ठिकाणी द्यावीच लागते. ती कामापुरती द्यावी. किल्ली कोणालाच देऊ नये, बँकेच्या कर्मचाऱ्यालाही नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. “पैसे जमा करतो, पिन टाका” असे कोणी म्हटले, तर तो आपल्या खात्यातून पैसे काढतो आहे असे समजावे.

अंगठा : बदलता न येणारी किल्ली

पिन कोणाला कळला तर पाच मिनिटांत बदलता येतो. अंगठ्याचा ठसा जन्मभर तोच राहतो.

बँक मित्राकडे किंवा चॉईस सेंटरवर अंगठा लावून पैसे काढण्याची सोय खेड्यापाड्यांत फार मोलाची आहे. मार्च २०२४ पासून महतारी वंदन योजनेचे महिन्याचे १,००० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यांत येतात, आणि अनेक बहिणी ते अशाच प्रकारे काढतात. या व्यवहाराला आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा एवढे पुरते. पिन किंवा ओटीपी लागत नाही. जमिनीच्या कागदपत्रांवरील ठशांची नक्कल करून अशा खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार देशात काही ठिकाणी उघडकीस आले आहेत.

यावर आधारमध्येच उपाय आहे. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा संकेतस्थळावर ‘बायोमेट्रिक लॉक’ लावता येते. मग कोणाकडे ठशाची नक्कल असली, तरी ती चालत नाही. सरकारी योजनेचे पैसे खात्यात जमा होणे यामुळे थांबत नाही. स्वतःला अंगठा लावायचा असेल, रेशन घ्यायचे असेल किंवा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असेल, तेव्हा लॉक तात्पुरते उघडता येते. दर आठवड्याला अंगठा लावणाऱ्यांना हे थोडे कटकटीचे वाटेल. पण वर्षातून दोन-तीनदाच ती गरज पडत असेल, तर लॉक लावलेलेच बरे. त्यासाठी आधारला आपला चालू मोबाइल नंबर जोडलेला असावा लागतो.

अंगठा लावल्यावर पावती मागून घ्यावी. “ठसा जुळला नाही, पुन्हा लावा” असे सांगितले, तर आधी पहिला व्यवहार खरोखर फसला का ते पाहावे.

आधारची प्रत देताना

ओळखीपुरती प्रत हवी असेल, तिथे ‘मास्क्ड आधार’ चालते का ते विचारावे. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून विनाशुल्क मिळते. साधी झेरॉक्स द्यावी लागली, तर तीवर कामाचे कारण आणि तारीख लिहून सही करावी. प्रिंट काढण्यासाठी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर आधार पाठवले असेल, तर निघण्यापूर्वी ते समोरच काढून टाकायला सांगावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

घरच्यांना पिन सांगावा का?

मुले पुण्याला किंवा नागपूरला आणि आई-वडील रायपुरात, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. विश्वास असतो, म्हणून पिन सांगितला जातो. पण त्यामुळे कोणता व्यवहार कोणी केला, हे पुढे कळत नाही.

‘यूपीआय सर्कल’ ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये याचसाठी आली. तुमच्या खात्यातून पैसे देण्याची मुभा तुम्ही विश्वासातल्या माणसाला देऊ शकता, पिन न सांगता. एका प्रकारात प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागते. दुसऱ्यात महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांपर्यंत मर्यादा ठरवता येते. मुभा केव्हाही काढून घेता येते.

किरकोळ खर्चासाठी ‘यूपीआय लाइट’ वापरता येईल. त्यात १,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही आणि एका वेळी ५,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. पिन नसल्याचा धोका तेवढ्यापुरताच राहतो, आणि पासबुकात प्रत्येक चहाची नोंदही येत नाही.

ॲप काय मागते ते पाहा

तात्काळ कर्ज देणारी काही ॲप फोनमधले सगळे नंबर मागतात आणि वसुलीच्या वेळी नातेवाइकांना फोन करून बदनामी करतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या निर्देशांनुसार कर्जाच्या ॲपला तुमच्या फाइल, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी पाहण्याची परवानगी नाही. कॅमेरा, मायक्रोफोन आणि ठिकाण केवळ ग्राहक म्हणून नोंदणी करताना, एकदाच आणि संमतीनेच वापरता येते. संपर्क यादी मागणारे कर्जाचे ॲप फोनमध्ये ठेवूच नये.

नुकसान झालेच तर

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची तक्रार बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत केली, तर ग्राहकाला काहीच सोसावे लागत नाही. ४ ते ७ दिवस लागले, तर मूलभूत बचत खात्यात ५,००० आणि सामान्य बचत खात्यात १०,००० रुपयांपर्यंतचा भार येऊ शकतो. ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर झालेले नुकसान मात्र बँकेचे. म्हणून घाबरून किंवा लाजून गप्प बसू नये. ताबडतोब बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

या आठवड्यात करायची चार कामे

१. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आपलाच आणि चालू आहे का, ते शाखेत तपासा. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो, आणि तुमचे संदेशही त्याच्याकडे जातात.
२. व्यवहाराचे एसएमएस येतात की नाही ते पाहा.
३. अंगठा क्वचितच लागत असेल, तर बायोमेट्रिक लॉक लावा.
४. घरात पिन कोणाकोणाला माहीत आहे ते आठवा आणि तो बदला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. एखादी माहिती का हवी, असे काउंटरवर, दुकानात किंवा फोनवर विचारणे हा त्याच हक्काचा रोजचा वापर आहे. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत माहिती देऊ नये.