सिकलसेल, बाळाचं हिमोग्लोबिन आणि झिंकची बोटं

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'अं…', 'म्हणजे कसं' तेवढे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. ज्यांच्याकडे रेंज नाही किंवा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी खास!)

[००:००] सुरुवात

जळगाव, धुळे, चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री, शिवाय पुण्यात रूमवर राहून इयरफोन लावून ऐकणारे आपले सगळे खान्देशी, तुमचं स्वागत.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून घेतलाय. शिरपूर तालुक्यातला एक मुलगा विचारतो, "माझ्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'एएस' आलंय. घरात लग्नाचं चाललंय. मला काही होणार आहे का? आणि जीन बदलून सिकलसेल बरा होतो अशी रील पाहिली, ते खरं आहे का?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं देणार आहे. पण दुसऱ्याचं उत्तर समजायचं असेल तर एका प्रोटीनची ओळख करून घ्यावी लागेल. त्याचं नाव झिंक फिंगर प्रोटीन. नाव ऐकून कुणीही विचारेल, "हाई काय शे भो?" म्हणून सावकाश जाऊ.

[०१:४०] सातपुड्याच्या पायथ्याशी हा आजार का?

महाराष्ट्रात सिकलसेल मुख्यतः विदर्भात आणि उत्तरेला सातपुड्याच्या पट्ट्यात आढळतो. आपल्याकडच्या भिल्ल आणि पावरा समाजांत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलंय. म्हणजे काही पाड्यांवर दर चार-पाच माणसांमागे एक वाहक. हा कुणाचा दोष नाही, शाप नाही, 'रक्त वाईट' वगैरे तर अजिबात नाही. उलट वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी हे १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा जीन टिकला. आपल्या जंगलपट्ट्यातही तसंच झालं.

गडबड होते एका अक्षराची. हिमोग्लोबिन हे लाल रक्तपेशीतलं ऑक्सिजन वाहणारं प्रोटीन. मोठ्या माणसात ते चार तुकड्यांचं असतं: दोन अल्फा, दोन बीटा. बीटाच्या जीनमध्ये एका ठिकाणी 'ए'च्या जागी 'टी' हे अक्षर आलं की प्रोटीनमधला सहावा मणी बदलतो. ग्लुटॅमिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. मग ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं ठणकतात, पोटात कळा येतात, रक्त कमी पडतं.

आईवडील दोघांकडून हा जीन आला तर 'एसएस', म्हणजे आजार. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे फक्त वाहक.

[०४:१०] मग बाळाला जन्मतःच त्रास का होत नाही?

'एसएस' बाळ जन्मतं तेव्हा ठणठणीत असतं. त्रास साधारण सहा महिन्यांनंतर सुरू होतो. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांचं लक्ष याकडे गेलं. त्यांचा तर्क असा होता की बाळाच्या रक्तात काहीतरी वेगळं आहे, तेच त्याला वाचवतंय.

ते 'काहीतरी' म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, डॉक्टरी भाषेत 'एचबी-एफ'. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन जास्त ओढ असलेलं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा नावाचा तुकडा असतो. गॅमामध्ये ती एका अक्षराची चूक नसतेच, आणि गॅमा असलेलं हिमोग्लोबिन त्या दोरांमध्ये गुंफलं जात नाही. दोर वळतानाच तुटतो असं समजा.

जन्मानंतर काही महिन्यांत शरीर गॅमाचा जीन बंद करतं आणि बीटाचा चालू ठेवतं. गॅमाचा जीन कुठे जात नाही बरं का. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत तो आजही शाबूत आहे. फक्त त्याच्यावर कुणीतरी बसलंय.

कोण बसलंय? झिंक फिंगर प्रोटीन.

[०६:०५] झिंकची बोटं म्हणजे नेमकं काय

आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि प्रोटीन बनवणारे जीन साधारण २०,०००. डोळ्याच्या पेशीत, यकृताच्या पेशीत, सगळीकडे पुस्तक एकच. मग डोळा डोळाच का राहतो? कारण कुठल्या पेशीत कुठलं पान उघडायचं आणि कुठलं चिकटवून ठेवायचं, हे ठरवणारी प्रोटीनं असतात. त्यांना आधी पुस्तकातली योग्य जागा शोधावी लागते. त्यासाठी लागतात बोटं.

ही बोटं पहिल्यांदा ओळखली १९८५ मध्ये, इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये ॲरन क्लूग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ते आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या अंड्यातलं प्रोटीन तपासत होते. त्यात सुमारे ३० मण्यांचा एकच नमुना पुन्हा पुन्हा येत होता आणि प्रत्येक नमुन्यात जस्ताचा, म्हणजे झिंकचा, एक कण होता.

आता द्रोण आठवा. पळसाचं पान दुमडायचं आणि काडी टोचायची. काडी आहे तोवर द्रोण आमटी धरतो, काडी काढली की परत नुसतं पान. झिंक ही ती काडी. प्रोटीनच्या साखळीतले चार मणी, नेहमीच्या प्रकारात दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन, झिंकच्या कणाला धरतात आणि साखळी दुमडून बोटासारखी ताठ होते. झिंक नसेल तर बोट लुळं पडतं.

हे ताठ बोट डीएनएच्या खाचेत शिरतं आणि तिथली साधारण तीन अक्षरं चाचपतं. दृष्टिहीन माणूस ब्रेल वाचतो ना, तसंच: बघून नाही, स्पर्शाने. तीन अक्षरांचा शब्द डीएनएत जागोजागी सापडेल. म्हणून एकामागोमाग एक बोटं लावायची. जितकी बोटं, तितका लांब शब्द, तितका नेमका पत्ता. माणसात अशी नेहमीच्या प्रकारची बोटं असलेली प्रोटीनं सातशेच्या आसपास आहेत.

पण नुसतं जागेवर बोट ठेवून जीन चालू किंवा बंद होत नाही. बोटं पत्ता शोधतात, पुढचं काम प्रोटीनचा उरलेला भाग करतो. कुणी जीन वाचणाऱ्या यंत्रणेला बोलावतं, मग जीन चालू. कुणी डीएनए घट्ट गुंडाळणाऱ्यांना बोलावतं, मग जीन बंद. म्हणून 'झिंक फिंगर' ही एका कामाची पदवी नाही, ती पकडीची पद्धत आहे.

(मध्येच एक. झिंकच्या गोळ्या खाऊन सिकलसेल बरा होतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. इथल्या झिंकचा प्रश्न कमी-जास्त गोळ्यांचा नाही. डॉक्टरांनी दिल्या तर घ्याच, पण त्याने गॅमाचं पान उघडत नाही.)

[०९:३०] गॅमावर बसलेलं प्रोटीन: बीसीएल-११ए

हे ते मुख्य पात्र. २००८ मध्ये अमेरिकेत विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बीसीएल-११ए कमी केलं तर गर्भातलं हिमोग्लोबिन परत वाढतं. पुढे २०१८ मध्ये हे कुठे बसतं ते नेमकं कळलं. त्याची तीन बोटं मिळून 'टीजीएसीसीए' हा सहा अक्षरी शब्द धरतात. तो शब्द गॅमा जीनच्या सुरुवातीच्या सुमारे ११५ अक्षरं आधी आहे. तिथे बसून ते डीएनए आवळणाऱ्या साथीदारांना बोलावतं, आणि गॅमा गप्प.

याचा पुरावा निसर्गानेच ठेवलाय. काही माणसांत जन्मतः याच शब्दातलं एखादं अक्षर वेगळं असतं. बोटांना पकड मिळत नाही, आणि ही माणसं मोठेपणीही गॅमा हिमोग्लोबिन बनवत राहतात. त्यांना त्याचा काही त्रास नसतो.

मग बीसीएल-११ए संपूर्ण शरीरातून काढूनच टाकलं तर? नाही चालणार. मेंदूच्या वाढीला आणि रोगप्रतिकारक पेशींना ते लागतं. ज्या मुलांत त्याची एक प्रत जन्मतः बिघडलेली असते, त्यांचं गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं, पण बौद्धिक वाढीत अडचणी येतात. म्हणजे बंद करायचं तर फक्त रक्त बनवणाऱ्या पेशींपुरतं.

२०१३ मध्ये वाट सापडली. बीसीएल-११एच्या जीनमध्येच एक छोटा तुकडा आहे, जो फक्त लाल पेशी घडताना त्याला 'चालू' करतो. तिथे येऊन बसतं गाटा-१ नावाचं प्रोटीन. आणि गंमत बघा, गाटा-१ हेसुद्धा झिंक फिंगर प्रोटीनच आहे, फक्त त्याची बोटं जरा वेगळ्या घडीची. म्हणजे एक बोटवालं प्रोटीन दुसऱ्या बोटवाल्याला जागं करतं, आणि ते जाऊन गॅमाला झोपवतं.

[१२:२०] रीलमधला उपचार खरा का?

खरा आहे. त्याचं नाव कॅस्जेव्ही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी मंजुरी दिली. रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी काढतात, क्रिस्पर नावाच्या कात्रीने गाटा-१ बसतं ती जागा कापतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. सिकलसेलचा चुकीचा जीन तसाच राहतो! फक्त गॅमावर बसणारा उठतो. अमेरिकेतल्या मंजुरीच्या वेळी, पुरेसा काळ तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही तीव्र वेदनेचा झटका आला नव्हता.

पण रील हे सांगत नाही: पेशी परत सोडण्याआधी जड केमोथेरपी घ्यावी लागते, काही आठवडे दवाखान्यात काढावे लागतात, मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. आणि अमेरिकेतली किंमत होती २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. कापूस विकून चालणाऱ्या घराला हा आकडा सांगून काय उपयोग? म्हणून दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत आपले संशोधक स्वस्त क्रिस्पर उपचारावर काम करतायत, ते महत्त्वाचं आहे.

दुसरी गोष्ट. गॅमा वाढवणारी एक साधी गोळी आधीपासून आहे: हायड्रॉक्सियुरिया. अमेरिकेत १९९८ मध्ये तिला सिकलसेलसाठी मंजुरी मिळाली. आपल्याकडेही ती सरकारी सिकलसेल कार्यक्रमात दिली जाते. रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी सांगायचं. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही.

एक आशेची बाब: भारतातल्या सिकलसेल रुग्णांमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच आफ्रिकेतल्या बऱ्याच रुग्णांपेक्षा जास्त असतं. त्यामुळे काहींचा आजार सौम्य राहतो. पण 'आपल्याकडचा सौम्यच असतो' असं धरून बसू नका, महाराष्ट्रातही तीव्र त्रास असलेले रुग्ण आहेत.

[१५:१०] तुमचे प्रश्न

"मी एएस आहे. मला काही होणार का?"
वाहक माणूस रोजचं आयुष्य नेहमीसारखं जगतो. शेती, खेळ, सगळं करतो. तरी मे महिन्यात जळगावच्या उन्हात दिवसभर बिनपाण्याचं राबू नये, हे वाहकालाही लागू आहे. 'एसएस' असेल तर पाणी हेच पहिलं औषध: उन्हाळ्यात बाटली सोबत हवीच, थंडीत अंग उबदार हवं, आणि ताप आला की घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

"मग लग्न करू नये का?"
करावं की! फक्त जोडीदाराचीही तपासणी करून घ्यावी. जोडीदाराचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता आजाराची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के काहीच नसण्याची. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. दर वेळी नाणं नव्यानं उडतं. अशा जोडप्यांना गरोदरपणाच्या सुरुवातीला बाळाची तपासणी करण्याची सोय मोठ्या केंद्रांत असते. शिवाय जोडीदाराचा थॅलेसेमियाही बघावा, कारण सिकल आणि थॅलेसेमिया एकत्र आले तरी आजार होतो.

"तपासणी कुठे आणि कशी?"
राष्ट्रीय सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट करतात. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे लगेच 'आजार आहे' असं नाही, ती वाहकालाही पॉझिटिव्ह येते. एएस की एसएस, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने ठरतं. तो दुसरा रिपोर्ट मागून घ्या आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा.

"बाळाची टेस्ट निगेटिव्ह आली. सुटलो ना?"
तान्ह्या बाळाच्या सोल्युबिलिटी टेस्टवर भरवसा ठेवू नका. का, ते आता तुम्हीच सांगू शकता. बीसीएल-११ए अजून गॅमावर पूर्ण बसलेलं नसतं, रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्यात सिकल झाकलं जातं. म्हणून नवजात बाळाला एचपीएलसीसारखी तपासणी लागते.

शिरपूरच्या भावा, तुझ्या रिपोर्टचं उत्तर एवढंच: तू आजारी नाहीस. स्थळ बघायला जाशील तेव्हा पत्रिकेसोबत दोघांचे रिपोर्टही समोर ठेवा. आणि हा भाग घरच्या ग्रुपवर टाक, म्हणजे बोलायला सुरुवात करणं सोपं जाईल.

पुढच्या भागात थॅलेसेमिया. प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवा, अहिराणीत पाठवले तरी चालतील. भेटूया!