आमच्या गाडीची अँजिओप्लास्टी

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे र्‍हस्व-दीर्घ हा माझा कायमचा केटी लागलेला विषय आहे. चुका पोटात घाला. पण हा अनुभव मला मराठीतच लिहायचा होता, कारण घडला तो डोंबिवलीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि त्यात जी काही भांडणं झाली ती सगळी शुद्ध मराठीत झाली!

तर आमच्याकडे २०१३ सालची एक डिझेल गाडी आहे. पाटी एमएच ०५. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सकाळच्या लोकलमध्ये चढणं जमत नाही. म्हणून ते गाडीने ठाण्याला वागळे इस्टेटला जातात. कल्याण-शीळ रोड, शीळफाटा, मुंब्रा बायपास हा रोजचा वनवास. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. पिकअप गेला, मागून काळा धूर यायला लागला आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझेचना.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी ०४०१. मेकॅनिककाका बाबांना म्हणाले, "साहेब, ईजीआर चोक झालाय. नवीन बसवायचा तर चौदा हजार. नाहीतर आठशे रुपयांत पत्रा मारून बंद करून टाकतो. सगळे तेच करतात." मी शेजारीच उभी होते. मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे हेही सांगून पाहिलं. पण काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या महिन्यात माझी फी भरायची होती. बाबा म्हणाले, "मारू दे पत्रा." मी म्हटलं, "बाबा, मला फक्त एक रविवार द्या."

ईजीआर म्हणजे काय रे भाऊ?

एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. सोप्या भाषेत, इंजिनने सोडलेला धूर थोडासा परत इंजिनलाच पाजायचा. ऐकायला विचित्र वाटतं ना? मलाही आयसी इंजिन्सच्या पहिल्या लेक्चरला वाटलं होतं.

कारण असं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमध्ये ज्वालेचं तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो ऑक्सिजनशी जोडी जमवतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स, म्हणजे नॉक्स, तयार होतात. नॉक्स श्वासनलिकेला झोंबतं, आणि उन्हात त्याच्यापासूनच जमिनीलगतचा ओझोन बनतो. एक्झॉस्टचा थोडा वायू ताज्या हवेत मिसळला की दोन गोष्टी होतात. ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं, आणि त्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बरीच उष्णता शोषून घेतात. ज्वाला थोडी थंड राहते आणि नॉक्स कमी होतं. अमेरिकेतल्या गाड्यांत ही युक्ती १९७० च्या दशकापासून आहे. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या डिझेल कारला नॉक्सची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या स्टेज ६ मध्ये ती ०.०८ ग्रॅम झाली.

आता यातली गोम. डिझेलच्या धुरात काजळी असते. दुसरीकडे क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफही इन्टेकमध्येच सोडलेली असते. काजळी अधिक तेल बरोबर डांबर! गाडी हायवेवर जोरात पळत असेल तर एक्झॉस्ट गरम राहतो आणि थर हळू साठतो. पण शीळफाट्याला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रांगणाऱ्या गाडीत सगळं थंड, ओलसर आणि चिकट. थरावर थर चढत जातो. हृदयाच्या नळीत कोलेस्टेरॉल साठावं तसाच. म्हणून लेखाचं नाव अँजिओप्लास्टी.

पी ०४०१ चा अर्थ "ईजीआरचा प्रवाह अपुरा". कॉम्प्युटरला हे कसं कळतं? व्हॉल्व्ह उघडला की धूर आत येतो, म्हणजे ताजी हवा तेवढी कमी यायला हवी. हवा मोजणारा सेन्सर म्हणतो, कमी झालीच नाही. म्हणजे नळी तुंबली.

पत्रा का नको?

माझं बाबांशी खरं भांडण इथे झालं. पत्र्याने धूर कमी होतो, पिकअप सुधारतो, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण दिवा विझत नाही, कारण प्रवाह आता शून्यच होतो. मग दिवा घालवायला कॉम्प्युटरचं रीमॅपिंग, म्हणजे आणखी खर्च. शिवाय गाडीत कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे.

बाबा म्हणाले, "पीयूसी तर मिळते ना?" मिळते! डिझेल गाडीच्या पीयूसीत न्यूट्रलमध्ये रेस करून फक्त धुराचा काळेपणा मोजतात. नॉक्स मोजतच नाहीत, आणि डोळ्यांनाही ते सहसा दिसत नाही. म्हणजे पत्रा मारलेली गाडी पीयूसीत उलट जास्त चांगल्या मार्कांनी पास होईल. कॉपी करून पास झाल्यासारखं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या अमेरिकेत पकडल्या गेल्या त्या याच नॉक्सवरून. टेस्ट चालू आहे हे गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागायची. आपल्या पुण्याच्या एआरएआयच्या तपासणीतही फरक सापडला आणि भारतात तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या.

आणि मला फोक्सवॅगनपर्यंत जायची गरजच नव्हती. आमचं घर तळमजल्यावर आहे. आजीच्या खोलीची खिडकी बरोबर पार्किंगवर उघडते. बाबा रोज सकाळी गाडी "गरम करायला" दहा मिनिटं चालू ठेवायचे आणि आजी खोकत खिडकी लावून घ्यायची. मी एवढंच म्हटलं, "बाबा, जो वायू आपण सोडणार तो पहिला कोणाच्या नाकात जाणार?" त्यावर बाबा काही बोलले नाहीत. रविवार मिळाला.

प्रत्यक्ष ऑपरेशन

वर्कशॉप मॅन्युअल आधी वाचून घ्या, कारण प्रत्येक गाडीत नळीची जागा वेगळी असते. आमच्यात ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून मागच्या बाजूने वळसा घेऊन इन्टेकला येते.

१. इंजिन पूर्ण थंड हवं. आदल्या रात्रीपासून गाडी हलवली नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हातमोजे, चष्मा, मास्क घातले. ही काजळी फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

२. बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे रात्रीच मारून ठेवला. एक्झॉस्टकडचे बोल्ट उष्णतेने जाम झालेले असतात. जोर केला तर स्टड तुटतो आणि मग चौदा हजारसुद्धा कमी पडतात. थोडं सैल, थोडं घट्ट, परत थोडं सैल, असं करत काढायचं. एका बोल्टला मला पाऊण तास लागला.

३. काढण्याआधी प्रत्येक स्टेपचा मोबाइलवर फोटो काढला. काढलेले बोल्ट पुठ्ठ्यावर नळीचं चित्र काढून त्या त्या जागी खोचले.

४. नळी हातात आली आणि मी व्हर्निअर कॅलिपर लावला. (लॅबमध्ये कंटाळा यायचा, इथे मजा आली!) आतला मूळ व्यास २२ मिमी, शिल्लक भोक ११ मिमी. व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ किती? निम्मं नाही, पाव! बाबांना पुठ्ठ्यावर दोन वर्तुळं काढून दाखवली तेव्हा त्यांना पहिल्यांदा पटलं.

५. उघड्या तोंडांमध्ये स्वच्छ चिंध्या खुपसल्या, म्हणजे खरवडलेला कार्बन इंजिनमध्ये पडणार नाही.

६. नळीत कार्ब क्लीनर मारून अर्धा तास ठेवली, मग डिझेलमध्ये तीन तास बुडवली. चिकट भाग सुटतो, पण कडक कार्बन नुसता भिजून जात नाही. तो बाटली धुवायच्या ब्रशने आणि सायकलच्या जुन्या ब्रेक केबलने खरवडून काढावा लागतो. नळीचा मधला नागमोडी भाग पातळ असतो. तिथे स्क्रूड्रायव्हर घालू नका, भोक पडेल.

७. व्हॉल्व्ह बुडवायचा नाही! त्याला इलेक्ट्रिक मोटर असते. तोंड खाली धरून ब्रशने पुसायचा, म्हणजे द्रव मोटरकडे जाणार नाही. इन्टेकच्या तोंडाशी पण फक्त चिंधीने पुसलं. आत क्लीनर ओतून गाडी चालू करणं तर अजिबात नको. द्रव सिलिंडरमध्ये साठला तर इंजिन फुटू शकतं.

८. ईजीआर कूलरला मी हात लावला नाही. त्यात कूलंट असतो, ते काम गॅरेजचं.

९. सगळं कोरडं झाल्यावर नवीन गॅस्केट लावून, बोल्ट आलटून पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे घट्ट केले. जुनं गॅस्केट परत लावू नका, धूर गळतो.

आता माझी चूक. बसवताना चिंध्या मोजल्या. आत घातल्या होत्या तीन, बाहेर दोन! पोटात गोळा आला. बाबा नेमके चावी घेऊन उभे होते. "झालं का गं?" "बाबा, थांबा, चावी लावू नका." परत दोन बोल्ट उघडले. तिसरी चिंधी इन्टेकच्या तोंडात आतल्या बाजूला सरकली होती, चिमट्याने काढली. ती टर्मवर्कमध्ये कुठेच लिहिलेली नाही, पण मी आयुष्यभर विसरणार नाही. चिंध्यांना लांब शेपटी ठेवा आणि मोजून लिहून ठेवा.

उरलेलं काळं डिझेल बाबा गटारात ओतायला निघाले होते. गटार नाल्याला मिळतं आणि नाला खाडीला, म्हणून ते कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात दिलं. त्या निमित्ताने मेकॅनिककाकांची परत भेट झाली. नळी बघून म्हणाले, "कोणी केली?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "चांगली केलीये. स्टड नाही तुटला?" नाही तुटला! कोणत्याही व्हायवापेक्षा हे सर्टिफिकेट मोठं.

निकाल

कोड क्लिअर केला आणि गाडी मुरबाड रोडला नेली. वीस मिनिटं जरा वरच्या आरपीएमला चालवली. पहिली दोन मिनिटं सुटलेल्या कार्बनचा धूर आला, मग बंद. दिवा महिनाभर परत लागलेला नाही. पिकअप सुधारला. ॲव्हरेज मात्र फारसं बदललं नाही, उगाच थाप मारत नाही. खर्च गॅस्केट, क्लीनर आणि हातमोजे धरून हजाराच्या आत.

नळी परत तुंबणार, कारण शीळफाटा तिथेच आहे. पण आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास पळवली आणि ऑइल वेळेवर बदललं तर बरेच दिवस जातील. आणि वॉरंटीतली किंवा डीपीएफवाली नवीन स्टेज ६ ची गाडी असेल तर माझा लेख वाचून पाना उचलू नका.

सगळ्यात मोठी सुधारणा मात्र फुकटात झाली. बाबा आता सकाळी गाडी गरम करत उभे राहत नाहीत. आधुनिक डिझेलला त्याची गरजच नसते, सुरुवातीला हळू चालवली की पुरे. चालू केली की लगेच निघतात. आजीला ईजीआर म्हणजे काय ते मी तीनदा समजावलं, तिला काही कळलं नाही. पण परवा सकाळी साडेसात वाजता बाबा निघाले तेव्हा तिची खिडकी उघडीच होती.