एक डोळा झाकून पाहा

आमच्या आत्याबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत एकदा म्हणाल्या, "या तारखांच्या चौकटी मधेच वाकल्यात गं." आम्ही हसलो. मोतीबिंदू पिकत असेल, पावसाळा सरला की दवाखान्यात नेऊ, असे म्हणून विषय संपवला. त्या तांदूळ निवडत होत्या, रस्त्याने एकट्या जात होत्या. शंका तरी कशी यावी? चार महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांचा डावा डोळा झाकला, आणि उजव्या डोळ्याला समोरच्या भाचीचा चेहराच दिसेना! खांदे दिसत होते, पदर दिसत होता. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग.

मोतीबिंदूत सगळेच धूसर होते. हे दुखणे डोळ्याच्या मागच्या पडद्याचे होते. पडद्याच्या मध्यावर पीतबिंदू नावाची लहानशी जागा असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणूस ओळखणे ही तिची कामे. उतारवयात काहींची ही जागा झिजते. काहींच्या पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात, पडदा उचलला जातो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. आत्याबाई खरेच बोलत होत्या! पण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याचे उणे भरून काढतो.

हे ओळखण्याचा कागद स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी १९४० च्या दशकात रूढ केला. १० सेंटिमीटरचा चौकोन, आत ५ मिलिमीटरच्या ४०० चौकटी, मधोमध ठिपका. वाचायचा चष्मा लावून, चांगल्या उजेडात कागद ३० सेंटिमीटरवर धरावा. एक डोळा तळहाताने झाकावा, दाबू नये. ठिपक्यावरून नजर न हलवता सांगावे: चारही कोपरे दिसतात का? रेघ कुठे वाकते, कुठे पुसते? मग दुसरा डोळा. (नजर न हलवणे हेच म्हाताऱ्या माणसांना जड जाते, शेजारी कुणी बसावे.) कागद नसेल तर खिडकीचे गज पाहावेत.

कागदावर रेघा सरळ दिसल्या म्हणजे डोळा निरोगीच, असे मात्र नाही. पडद्याची तपासणी डॉक्टरांकडूनच व्हावी. रेघ नव्याने वाकडी दिसली तर दोन-चार दिवसांतच जावे. पाझरणाऱ्या प्रकारावर २००६ पासून डोळ्यात देण्याची नवी इंजेक्शने आली आहेत, पण पडद्यावर व्रण धरण्याआधी ती मिळावी लागतात. आत्याबाईंच्या उजव्या डोळ्यात तो धरला होता.

आता कॅलेंडरशेजारीच तो कागद टांगला आहे. रोज सकाळी चहाआधी भाची उजवा डोळा झाकते आणि विचारते, "आत्या, रेघा सरळ आहेत ना?"