वादळवारा आणि शेजारधर्म

हैदराबाद शहरातील विद्यानगर ही वस्ती समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरालगतच्या या भागात भरती-ओहोटीची वेळ पाहून कोणी घराबाहेर पडत नाही. तरीही 2020 या एकाच वर्षात दोन समुद्रांवरून आलेल्या दोन वादळांशी या शहराचा संबंध आला. जूनमध्ये येथील मराठी कुटुंबे कोकणातील आप्तांची खुशाली विचारीत होती. ऑक्टोबरमध्ये त्यांचीच खुशाली विचारली जात होती. या दोन्ही प्रसंगांतून मिळणारा धडा किनाऱ्यावरील ग्रामस्थांना, शिक्षकांना आणि शासकीय कर्मचाऱ्यांना सारखाच उपयोगी आहे.

विद्यानगरचे दोन्ही किनाऱ्यांशी नाते तसे जुनेच आहे. येथील रुग्णालयाला दुर्गाबाई देशमुख यांचे नाव आहे. दुर्गाबाईंचा जन्म राजमहेंद्रीचा आणि बालपण काकिनाडा या बंगालच्या उपसागरावरील बंदराच्या परिसरातले. त्यांचे पती, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, हे रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावचे. योगायोग असा की, 2020 मधील पहिले वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दुसरे काकिनाड्याजवळ.

दूरध्वनी जेथे थांबतो

दि. 3 जून 2020 रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत शिरले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा या तालुक्यांत घरांवरील कौले आणि पत्रे उडाले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. विजेचे खांब कोसळले, रस्त्यांवर झाडे पडली आणि दूरध्वनी बंद पडले. काही गावांत वीज आणि संपर्क पूर्ववत होण्यास बरेच दिवस लागले.

वादळ येण्यापूर्वी हैदराबाद, पुणे वा मुंबई येथून गावाकडे दूरध्वनी लागत होता. “खिडक्या लावून घ्या, पाणी भरून ठेवा,” असे सांगता येत होते. परंतु नेमक्या ज्या घटकेला “सर्व ठीक आहे ना?” हे विचारावयाचे, त्या घटकेला पलीकडून उत्तर येणे बंद झाले. दूरच्या मुलाचे प्रेम कितीही असले, तरी आईच्या अंगणात पडलेला माड ओलांडून तिच्या दारापर्यंत तो पोहोचू शकत नाही. तेथे पोहोचतो तो शेजारी. ते वर्ष कोरोनाच्या साथीचे होते. एकमेकांच्या घरी जाण्यावर बंधने होती. अशा वेळी अंगणात उभे राहून मारलेल्या हाकेचे मोलही मोठे असते.

किनाऱ्यावरील वादळ, पठारावरील पूर

त्याच वर्षी 13 ऑक्टोबरच्या सकाळी बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाचे क्षेत्र काकिनाड्याजवळ जमिनीवर आले. त्याचा वारा पुढे मंदावला; पाऊस मात्र मंदावला नाही. हैदराबादेत चोवीस तासांत सुमारे 19 सेंटिमीटर पाऊस झाला. सखल वस्त्यांत पाणी शिरले, वाहने वाहून गेली, भिंती कोसळून माणसे दगावली. हुसेनसागर तलावाचे जादा पाणी मुशी नदीकडे नेणारा नाला विद्यानगरच्याच बाजूने जातो. त्याच्या काठी राहणाऱ्यांना अशा पावसाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. हेच क्षेत्र पुढे पश्चिमेकडे सरकले आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर जिल्ह्यात हाहाकार उडाला. पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटावरील भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला.

तेव्हा, “आमचे गाव समुद्रापासून लांब आहे, आम्हांला वादळाची काय भीती?” हा समज सोडून दिला पाहिजे. हैदराबादकरांना हा अनुभव नवा नाही. दि. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुशी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे बुडाली. त्या दिवशी अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जणांनी प्राण वाचविले, असे सांगितले जाते. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभे आहे.

इशारा आणि उंबरठा

दि. 19 नोव्हेंबर 1977 रोजी आंध्रच्या कृष्णा जिल्ह्यातील दिवीसीमा भागावर चक्रीवादळ आदळले. समुद्राचे पाणी भिंतीसारखे उभे राहून गावांत शिरले आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ओडिशात ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळातही जवळजवळ तितकेच बळी गेले. परंतु त्याच ओडिशाच्या किनाऱ्यावर 12 ऑक्टोबर 2013 रोजी ‘फायलीन’ हे अतितीव्र वादळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

हा फरक कशामुळे पडला? उपग्रह, रडार आणि पक्के निवारे यांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु दहा लाख माणसे केवळ आकाशवाणीवरील निवेदन ऐकून घर सोडीत नाहीत. कोणीतरी दारात येऊन सांगावे लागते, म्हाताऱ्याला हात द्यावा लागतो, “गोठ्यातल्या गाईचे काय?” या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. भारतीय हवामानशास्त्र विभाग वादळाची पहिली सूचना साधारणतः 72 तास आधी देतो. 48 तास आधी सावधगिरीचा आणि 24 तास आधी धोक्याचा इशारा दिला जातो. ही सूचना जिल्हा, तालुका आणि गाव अशी खाली येते. गावच्या चावडीपासून आजाऱ्याच्या खाटेपर्यंतचे शेवटचे अंतर मात्र शेजाऱ्यालाच चालावे लागते.

चौकशी केव्हा करावी?

चौकशीलाही वेळेचे भान हवे. अवेळी केलेली मदत मदत करणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकते.

वादळापूर्वी : चौकशीची खरी वेळ हीच. आपल्या आळीत एकटे राहणारे वृद्ध, गर्भवती, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, अपंग, ऐकू न येणारे आणि लिहिता-वाचता न येणारे कोण आहेत, हे आधी ठाऊक असावे. प्रत्येक अशा घरासाठी दोन शेजाऱ्यांची नावे ठरवावीत. एकजण गावात नसला तर दुसरा असेल. औषधे, चष्मा, काठी, शिधापत्रिका, कंदील किंवा विजेरी, पिण्याचे पाणी आणि कोरडे खाणे एका पिशवीत बांधून ठेवण्यास मदत करावी. घर कच्चे असल्यास त्या कुटुंबाला उजेड असतानाच शाळेत अगर निवाऱ्यात पोहोचवावे. दूरच्या मुलाबाळांनी आई-वडिलांबरोबरच शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांकही जवळ ठेवावा.

वादळ चालू असताना : कोणीही बाहेर पडू नये. उडणारा पत्रा तलवारीसारखा कापतो. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. चक्रीवादळ भोवऱ्यासारखे फिरते आणि त्याच्या मध्यभागी शांत ‘डोळा’ असतो. डोळा गावावरून जात असता वारा एकाएकी पडतो, कधी आकाशही उजळते. लोकांना वाटते, वादळ संपले. काही वेळाने मात्र वारा उलट दिशेने तितक्याच जोराने सुटतो. या फसव्या शांततेत शेजाऱ्याकडे निघालेला माणूस मध्येच सापडतो. म्हणून धोका टळल्याची अधिकृत सूचना मिळेपर्यंत घरातच थांबावे. दूरध्वनी चालू असल्यास संदेश पाठवावा, लांबलचक बोलणे टाळावे.

वादळानंतर : ठरलेल्या घरी ठरलेल्या शेजाऱ्याने जावे, पण पायांखाली पाहून. पडलेल्या तारेला वीज नाही असे कधीही गृहीत धरू नये. साप आणि विंचू कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. विहिरीत खारे किंवा गढूळ पाणी शिरले असल्यास ते शुद्ध करून घेतल्याशिवाय पिऊ नये. ओल्या छपरावर घाईने चढू नये. कोणी जखमी वा अडकलेले आढळल्यास 112 या क्रमांकावर किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकावर कळवावे. संपर्क बंद असल्यास पोलीस पाटील किंवा तलाठी यांच्याकडे माणूस धाडावा.

चौकशी एका दिवसाची नसते

पहिल्या दिवशी गावात सर्व येतात. आठव्या दिवशी फारसे कोणी येत नाही. छप्पर उडालेल्या घरात पावसाळा काढणारी विधवा, उभी बाग गमावलेला बागाईतदार यांना खरी विचारपूस तेव्हा हवी असते. नवी पोफळ फळाला यावयास पाच-सात वर्षे लागतात. तितका काळ मनाची उभारी टिकविणे एकट्याचे काम नव्हे. पंचनामा झाला किंवा नाही, अर्जावर सही राहिली काय, बँकेच्या पुस्तकातील नाव बरोबर आहे काय, हे विचारणारा शेजारीही मदतकार्याचाच भाग असतो.

अरबी समुद्रातील वादळे प्रामुख्याने मोसमी पावसाच्या आगेमागे, म्हणजे मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. त्यापूर्वी प्रत्येक गावाने घरांची यादी एकदा वाचून पाहावी. ग्रामसेवक, आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांच्याजवळ बरीच माहिती असते. शिक्षकांनी मुलांना आपापल्या आळीचा साधा नकाशा काढावयास सांगितले, तर कोणत्या दारी आधी जावयाचे हे मुलांनाही कळेल आणि त्यांच्या घरच्यांनाही.

विद्यानगरमधून लावलेला दूरध्वनी पुन्हा कधीतरी श्रीवर्धनला पोहोचणार नाही. त्या वेळी तेथील म्हातारीच्या दारावर कोणाची थाप पडणार, हे आजच ठरलेले असावे.