वयात येणारा कुत्रा

मराठी बोलीत भाद्रपद महिना आणि कुत्रा यांची जोडी फार जुनी आहे. एखाद्या उनाड माणसाला ‘भाद्रपदातला कुत्रा’ म्हटले, की पुढे काही सांगावे लागत नाही. पांढुर्णा आणि सौसर या भागात हा महिना पोळ्याच्या पाठोपाठ येतो. श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा होतो, दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार होते, आणि त्याच सुमारास गल्लीबोळांतून व वावरांतून कुत्र्यांच्या झुंडी हिंडू लागतात. संत्र्याच्या बागायतदाराची अडचण याच दिवसांत सुरू होते. आंबिया बहाराची फळे भरत आलेली असतात, तोडणी जवळ येत असते, रात्रीच्या जागलीचे दिवस असतात. आणि नेमका तेव्हाच, लहानपणापासून भाकर घालून वाढविलेला कुत्रा रात्र रात्र बाहेर राहू लागतो. सकाळी परततो तो कान फाटलेला, पाय लंगडत, हाकेला ओ न देणारा असा.

अशा कुत्र्याविषयी घरातले लोक एकच शब्द वापरतात, ‘माजला’. मग त्यावर दोन उपाय होतात, काठी किंवा साखळी. दोन्ही उपाय सोपे आहेत, आणि दोन्ही बहुधा चुकीचे आहेत. कुत्रा का बदलला हे समजून न घेता केलेल्या उपायांनीच पुष्कळदा राखण करणारे जनावर चावरे होते. म्हणून या बदलाचे कारण आधी पाहावयास हवे.

नर पिल्लू साधारणतः सहा महिन्यांचे झाले, की त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक वाढू लागते. लहान चणीचे कुत्रे सहा ते नऊ महिन्यांत वयात येतात; मोठ्या जातींना वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. परंतु शरीराने वयात येणे आणि स्वभावाने प्रौढ होणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. स्वभाव स्थिरावण्यास दीड ते दोन वर्षे लागतात, थोराड जातींना त्याहूनही जास्त. या दोहोंमधला जो वर्ष-सव्वा वर्षाचा काळ, तोच धन्याच्या कसोटीचा. अंगात प्रौढाचे बळ आलेले असते आणि डोके मात्र अजून पोराचे असते.

या काळात पाच बदल ठळकपणे दिसतात. पहिला, कुत्रा तंगडी वर करून जागोजागी थोडे थोडे मुततो. ही घाण करण्याची खोड नव्हे. कुत्र्याच्या जगात मूत्राचा वास ही बातमी असते. येथून कोण गेला, नर की मादी, हे दुसऱ्याला त्यावरून कळते. दुसरा बदल भटकण्याचा. माजावर आलेल्या मादीचा वास नराला दुरूनही ओढून नेतो. घरात पाळलेली मादी वर्षातून साधारणतः दोनदा, कोणत्याही ऋतूत माजावर येऊ शकते. पण आपल्याकडील मोकाट कुत्र्यांत पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत हे प्रमाण वाढते. भाद्रपदाची जुनी समजूत निराधार नाही, ती अशी. नराला स्वतःचा ऋतू नसतो; मादीचा वास आला, की त्याचा भाद्रपद सुरू होतो.

तिसरा बदल म्हणजे इतर नरांशी भांडणे. चौथा, माणसाच्या पायावर, उशीवर किंवा दुसऱ्या कुत्र्यावर चढणे. यामागे नेहमी कामवासनाच असते असे नाही. घरी पाहुणे आले, खेळ रंगात आला, तर नुसत्या उत्तेजनानेही कुत्रा असे करतो. पाचवा बदल धन्याला सर्वांत जास्त झोंबतो. काल ‘ये’ म्हणताच धावत येणारे पिल्लू आज हाक ऐकून मान वळविते आणि पुन्हा आपल्या वाटेने जाते.

या पाचव्या बदलाचा अभ्यास इंग्लंडमध्ये झाला असून तो २०२० साली प्रसिद्ध झाला. अंधांना वाट दाखविण्याच्या कामासाठी वाढविल्या जाणाऱ्या कुत्र्यांना पाच महिन्यांच्या वयात आणि पुन्हा आठ महिन्यांच्या वयात ‘बस’ ही आज्ञा देण्यात आली. आठव्या महिन्यात कुत्रे आपल्या सांभाळणाऱ्या माणसाचे कमी ऐकू लागले; अनोळखी माणसाचे ऐकण्यात मात्र तशी घट झाली नाही. म्हणजे कुत्रा शिकलेले विसरला नव्हता. जो सर्वांत जवळचा, त्याच्याशीच त्याची कुरबुर चालली होती. वर्षाच्या सुमारास ही कुरबुर बहुतांशी ओसरली. ज्यांच्या घरी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे, त्यांना हे नवल वाटणार नाही.

खरे म्हणजे शेतकऱ्याला हे सारे दुसऱ्या जनावरात ठाऊक असते. गोऱ्हा जोराला आला, की तो दावे तोडतो, ढुसण्या देतो. पण कोणी त्याला कृतघ्न म्हणत नाही. त्याला अनुभवी बैलाच्या जोडीला जुंपतात, थोडे थोडे चालवितात, आणि काही आठवड्यांत तो वळणावर येतो. जी समजूत गोऱ्ह्याच्या वाट्याला येते, ती कुत्र्याच्याही वाट्याला यावयास हवी.

त्याला वळण लावण्याचे पहिले साधन शेतकऱ्याच्या घरात टांगलेलेच असते. ते म्हणजे कासरा. हाकेवर न येणाऱ्या कुत्र्याला मोकळे सोडून मागे ओरडत धावण्याने तो एवढेच शिकतो, की हाक ऐकली नाही तरी चालते. त्याऐवजी मजबूत पट्ट्याला वीस-पंचवीस हात लांब कासरा बांधून त्याला बागेत हिंडू द्यावे. मधूनच एकदा ‘ये’ म्हणावे; आला तर भाकरीचा तुकडा द्यावा, पाठ थोपटावी आणि पुन्हा हिंडावयास सोडावे. न आला तर दोर हळूच आवरून घ्यावा. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे असे काही आठवडे चालावे. दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. घरातील सर्वांनी आज्ञेसाठी एकच शब्द वापरावा. आणि जवळ बोलावून कधीही मारू नये. रात्रभर भटकून सकाळी परतलेल्या कुत्र्याला मारले, तर भटकण्याची शिक्षा झाली असे त्याला कळत नाही. घरी येण्याची शिक्षा झाली एवढेच कळते.

दुसरे साधन श्रम. तरण्या कुत्र्याला दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवले, तर अंगातली रग बाहेर पडावयास वाट राहत नाही आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर तुटून पडू लागतो. लोक त्यालाच चांगला राखणदार समजतात. पण साखळीला टेकलेला आणि बेजार झालेला कुत्रा चोर व शेजारचे मूल यांत फरक करीत नाही. उन्हापूर्वी आणि ऊन उतरल्यावर त्याला चांगले चालवावे. कुंपण धड असेल तर रात्री बागेत मोकळा ठेवावा. कुंपणाला खिंडार असेल तर कुत्रा आणण्याआधी ते बुजवावे.

अंगावर चढणाऱ्या कुत्र्याला हसू नये व मारूही नये. शांतपणे बाजूला घेऊन दुसऱ्या कामाला लावावे. वाटेत दुसरा नर दिसला आणि आपला कुत्रा ताठ उभा राहून एकटक पाहू लागला, तर तेथूनच वाट बदलावी. भांडण जुंपलेच तर मध्ये हात घालू नये. बादलीभर पाणी ओतावे. जेवताना त्याला कोणी छेडू नये, आणि लहान मुलांना त्याच्याजवळ एकटे सोडू नये. हे शेवटचे पथ्य कुत्रा कितीही गुणी असला तरी पाळावयाचे असते.

आता प्रश्न नसबंदीचा. नराचे वृषण काढण्याची ही शस्त्रक्रिया पशुवैद्याने भूल देऊन करावयाची असते. तिचा परिणाम काय होतो हे अमेरिकेत १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाहिले गेले. भटकण्याची खोड असलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांत ती कमी झाली. नरांशी भांडणे, घरात मूत्राच्या खुणा करणे आणि चढणे यांत सुमारे निम्म्या ते दोन-तृतीयांश कुत्र्यांत फरक पडला. म्हणजे भटकण्यावर हा उपाय फार चांगला, इतर बाबतींत मध्यम. भित्रेपणातून चावणाऱ्या कुत्र्याला त्याचा उपयोग होईलच असे नाही. कधी भीती वाढतेही. ‘मग तो राखण करणार नाही’ ही शंका मात्र अनाठायी आहे. आपले घर, आपली बाग ओळखून परक्यावर भुंकणे केवळ या संप्रेरकावर अवलंबून नसते. मोठ्या जातीच्या कुत्र्यावर वर्षाच्या आत शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांचे विकार वाढू शकतात, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०१३ सालच्या गोल्डन रिट्रीव्हरवरील अभ्यासात आढळले. म्हणून वय कोणते असावे हे जात पाहून पशुवैद्यालाच विचारावे. शस्त्रक्रियेनंतर वागणूक बदलण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि पहिला महिनाभर तरी त्याला मादीपासून दूर ठेवावे लागते.

शस्त्रक्रिया करावी की नाही याबद्दल मतभेद असू शकतो. लसीबद्दल असू शकत नाही. भटकणारा, भांडणारा नर म्हणजे इतर कुत्र्यांचे दात अंगावर घेऊन घरी येणारा नर. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस काय किंवा जनावर काय, वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे होताच पहिली लस, पुढची मात्रा पशुवैद्य सांगेल तेव्हा, आणि त्यानंतर दरवर्षी, हा क्रम चुकवू नये. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने सतत पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल असले काही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण घ्याव्यात. मोकाट संकरातून नर व मादी यांच्या जननेंद्रियांवर एक संसर्गजन्य गाठही पसरते. तेथून रक्त ठिबकताना दिसले, तर उशीर करू नये. औषधाने ती बहुधा बरी होते.

जो बदल एकाएकी येतो, तो वयाचा समजू नये. कालपर्यंत शांत असलेला कुत्रा स्पर्श करताच गुरगुरू लागला, तर कोठेतरी दुखत आहे असे धरून चालावे. मध्य प्रदेशात फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. आणि नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय पांढुर्णा व सौसर या दोन्ही गावांना दूर नाही.

केंद्र सरकारच्या २०२३ सालच्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण यांचा भार स्थानिक संस्थांवर ठेवला आहे. पाळीव कुत्र्याचा भार मात्र त्याच्या धन्यावरच आहे. घरच्या नराला भाद्रपदात मोकळे सोडावयाचे आणि पुढे गल्लीत पिल्ले वाढली म्हणून नगरपालिकेला बोल लावावयाचा, हे न्यायाचे नव्हे.

कुत्रा दोन वर्षांचा होईपर्यंत धीर धरणे ही काही फार मोठी मागणी नाही. संत्र्याचे कलम लावल्यावर पहिल्या फळासाठी शेतकरी चार-पाच वर्षे थांबतो, आणि त्या वर्षांत झाड फळ देत नाही म्हणून त्यावर कुऱ्हाड चालवीत नाही. पाणी देतो, आळे करतो, वाकडी फांदी वेळीच छाटतो. तरण्या कुत्र्याला एवढेच हवे असते. त्या एका अवघड वर्षात ज्याला मार आणि साखळी मिळाली, तो पुढे दहा वर्षे घराला भीतीचे कारण होतो. ज्याला कासरा, काम आणि लस मिळाली, तो तितकीच वर्षे बाग राखतो.